पडद्यामागचा ड्रमर

डिसेंबर १९४४ च्या अखेरीस बॉब विल्स हा टेक्सासचा फिडलवादक आपला भलामोठा बँड घेऊन नॅशव्हिलला गेला. फिडल म्हणजे आपले व्हायोलिनच, फक्त खेड्यातल्या वाजवण्याचे. अमेरिकेतल्या 'कंट्री' संगीताची पंढरी म्हणावी असा 'ग्रँड ओल ऑप्री' हा रेडिओ कार्यक्रम तिथे दर शनिवारी रात्री रायमन सभागृहातून होत असे, आणि विल्सला पाहुणा म्हणून बोलावणे होते. अडचण एकच निघाली. त्याच्या बँडमध्ये मॉन्टे माउंटजॉय नावाचा ड्रमर होता, आणि ऑप्रीच्या रंगमंचावर ड्रम चालत नसत. तडजोड अशी निघाली की ड्रम पडद्यामागे ठेवायचे. ऐकू आले तर येवोत, दिसता कामा नयेत. विल्सने ऐनवेळी ड्रम पुढे ओढायला लावले, असे सांगतात. सांगणारा प्रत्येक जण ही गोष्ट थोडी वेगळी सांगतो, पण सगळ्यांच्या गोष्टीत पडदा मात्र असतोच.

हे वाचून गोव्यातल्या माणसाला आश्चर्य वाटणे साहजिक आहे. आपल्याकडे चामड्याच्या वाद्याला देवाच्या दारात मान. देवळात चौघडा, चवथीला घुमट आणि शामेळ, शिगम्याला ढोल-ताशे. घुमट वाजले नाही तर आरतीला आरती म्हणायला आपण तयार नसतो. आणि तिकडे गाण्याच्या कार्यक्रमात ड्रम दिसेल म्हणून एवढी खळबळ! पण रायमन सभागृह हे मुळात प्रार्थनामंदिर. टॉम रायमन या बोटमालकाने सॅम जोन्स नावाच्या धर्मोपदेशकाचे प्रवचन ऐकले, त्याचे मन पालटले, आणि त्याच्या पुढाकाराने १८९२ मध्ये ही वास्तू उभी राहिली. १९४३ ते १९७४ अशी एकतीस वर्षे ऑप्री तिथून चालली, आणि तेवढा सगळा काळ श्रोते चर्चच्या लाकडी बाकांवर बसून गाणी ऐकत होते. नाचायचे कुठे?

माझ्या मते ड्रमच्या सगळ्या भांडणाचे मूळ या बाकांत आहे. लोक जिथे बसले तिथे ड्रम नकोसा झाला; जिथे ते उठून नाचू लागले तिथे त्याच्यावाचून चालेना. कंट्री संगीताचे इतिहास बहुधा बसणाऱ्यांच्या बाजूने लिहिलेले असतात, त्यात गायक असतात, गीतकार असतात, रेकॉर्ड कंपन्या असतात. तोच इतिहास ड्रमरच्या स्टुलावरून पाहिला तर बराच वेगळा दिसतो.

ड्रमविषयीचा संशय तसा फार जुना. १७३९ मध्ये साउथ कॅरोलिनात स्टोनो नदीच्या काठी गुलामांनी बंड केले आणि ते ढोल वाजवत निघाले. पुढच्याच वर्षी तिथल्या कायद्याने गुलामांना ढोल, शिंग अशी मोठ्या आवाजाची वाद्ये वापरायची बंदी केली. ढोलावरून निरोप जातो, माणसे गोळा होतात, ही मालकांची भीती. मग ठेका माणसांच्या अंगात लपला. टाळ्या, मांड्यांवरच्या थापा, पायांचे आपटणे. गोऱ्यांच्या खेड्यांत वेगळीच कथा. बाप्टिस्ट आणि मेथडिस्ट उपदेशकांना नाच म्हणजे पापाची पायरी वाटे, आणि फिडलला तर 'सैतानाची पेटी' असेच नाव पडले होते. तरी फिडल टिकले, कारण ते एकट्याला घरच्या ओसरीत वाजवता येते. ड्रमला गर्दी लागते, आणि गर्दीचीच तर भीती!

शिवाय एका माणसाने वाजवायचा ड्रमसेट ही चीजच मुळी विसाव्या शतकातली. पूर्वीच्या बँडमध्ये एक जण मोठा ढोल बडवी, दुसरा खालच्या बाजूला तारा ताणलेला चपटा 'स्नेअर' वाजवी, तिसऱ्याकडे झांजा. १९०९ च्या सुमारास शिकागोच्या लुडविग बंधूंनी पायाने चालणारे चांगले पेडल बाजारात आणले आणि मोठा ढोल पायाकडे गेला. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात पायानेच मिटणारी-उघडणारी झांजांची जोडी, 'हाय-हॅट', आली. तिघांची मजुरी एकट्याला करायची सोय झाली म्हणा ना. डान्स बँडच्या मालकांना हे फार आवडले असणार यात शंका नाही.

बॉब विल्सचा जन्म १९०५ चा, टेक्सासमधल्या कोसे गावाजवळचा. बाप कापूस पिकवणारा आणि पंचक्रोशीत नावाजलेला फिडलवादक. कापूस वेचताना शेजारच्या ओळीत काळी माणसे असत, त्यांची गाणी आणि त्यांचा ठेका हा या पोराच्या कानावरचा पहिला संस्कार. पुढे तरुणपणी बेसी स्मिथ या काळ्या गायिकेचे गाणे ऐकायला तो घोड्यावरून पन्नास मैल गेला होता, असे तो सांगे. कुटुंब १९१३ मध्ये पश्चिम टेक्सासातल्या टर्की नावाच्या गावाकडे गेले. तिथे रँचवरच्या घरांत नाच होत. खोलीतले सामान अंगणात काढायचे, मुलांना एका कोपऱ्यात निजवायचे, आणि उजाडेपर्यंत नाचायचे. दहा वर्षांच्या बॉबने बापाला यायला उशीर झाला म्हणून एका रात्री एकट्याने असा नाच वाजवून काढला. त्याला येत होते तेवढेच थोडे सूर पुन्हा पुन्हा. नाचणाऱ्यांची तक्रार नव्हती, कारण त्यांना पायापुरता ठेका मिळत होता. ही गोष्ट तो आयुष्यभर विसरला नाही असे त्याच्या पुढच्या कारभारावरून दिसते.

टेक्सासची नाचाची परंपरा मोठी गमतीदार आहे. एकोणिसाव्या शतकात तिथे जर्मन आणि चेक शेतकरी येऊन वसले. त्यांनी गावोगाव लाकडी नाचघरे बांधली; ग्रून गावातले १८७८ चे नाचघर अजून चालू आहे. पोल्का, वॉल्ट्झ, शॉटिश हे त्यांचे नाच, आणि त्यांत स्थानिकांचा टू-स्टेप मिसळला. आजोबांपासून नातवापर्यंत सगळे कुटुंब नाचाला येई. फरशी गुळगुळीत राहावी म्हणून तिच्यावर मक्याचे पीठ भुरभुरत, आणि जोडपी घड्याळाच्या उलट दिशेने सभागृहाला फेऱ्या घालत. चर्चने कितीही डोळे वटारले तरी शनिवारच्या रात्री ही माणसे इथे आणि रविवारी सकाळी चर्चच्या बाकांवर. त्यांना स्वतःला त्यात काही विसंगती वाटत नसे.

विल्सची पहिली नोकरी मात्र बसणाऱ्यांच्या बाजूची निघाली. १९३१ मध्ये फोर्टवर्थच्या एका पीठगिरणीच्या जाहिरातीसाठी 'लाइट क्रस्ट डोबॉइज' नावाचा रेडिओ बँड निघाला. गिरणीचा मॅनेजर होता डब्ल्यू. ली ओडॅनियल, जो पुढे टेक्सासचा गव्हर्नर आणि सिनेटर झाला. त्याची अट होती की रेडिओवर हवे ते वाजवा, पण नाचांना वाजवायला जायचे नाही. पैसा तर नाचांतच होता. मिल्टन ब्राउन हा बँडचा गायक १९३२ मध्ये याच कारणाने बाहेर पडला आणि त्याने नाचांसाठी स्वतःचा बँड काढला. पियानो, व्हायोलिन, विजेवर वाजणारी स्टील गिटार, सगळे त्यात होते. फक्त ड्रम नव्हते. ठेका बँजोवाल्याच्या झटक्यावर आणि डबल बासच्या तारा फळीवर आपटण्यावर भागे. ब्राउन १९३६ मध्ये मोटार अपघातानंतर गेला, नाही तर ही गोष्ट कदाचित त्याच्याच नावाने सांगावी लागली असती. विल्सचे आणि ओडॅनियलचेही १९३३ मध्ये फाटले. त्यात दारूमुळे चुकलेल्या कार्यक्रमांचाही भाग होता. दोघांत कोर्टकज्जे झाले आणि १९३४ च्या फेब्रुवारीत विल्स ओक्लाहोमातल्या टल्सा शहरी केव्हीओओ या रेडिओ केंद्रावर येऊन स्थिरावला.

तिथे केन्स नावाचे नाचघर होते. १९२४ मध्ये गॅरेज म्हणून बांधलेली इमारत १९३० मध्ये 'डॅडी' केन नावाच्या गृहस्थाने घेतली आणि तिथे दहा सेंटात नाचाचा धडा द्यायला सुरुवात केली. मेपलच्या लाकडाची, पायाखाली किंचित लवणारी फरशी. १९३५ पासून विल्सचे ते घरच झाले. गुरुवारी आणि शनिवारी रात्री नाच, आणि रेडिओचा दुपारचा कार्यक्रमही तिथूनच. आता एवढ्या मोठ्या दालनात, शेकडो जोड्यांच्या बुटांच्या आवाजात, बँजोचा ठेका पोचणार किती? मधल्या जोडप्यांना ऐकू येई, पलीकडच्या भिंतीजवळचे पाऊल चुके. नाचघरात एकाचे चुकले की मागच्या चारांचे चुकते, कारण सगळे एकाच दिशेने फिरत असतात.

त्याच वर्षी विल्सने स्मोकी डेकस या ड्रमरला बोलावून घेतले. डेकस टल्सातल्या शहरी डान्स बँडमध्ये वाजवणारा, जॅझ वळणाचा. फिडलवाल्यांच्या बँडला ड्रमर कशाला हवा, हा त्याचा पहिला प्रश्न. तुझे संगीत आणि माझे संगीत एकत्र करायचे आहे, या आशयाचे उत्तर त्याला मिळाले. कंट्री संगीतातला पहिला ड्रमर हा मान बहुतेक जण डेकसला देतात. 'पहिला' हा शब्द इतिहासात जपून वापरावा असे मला वाटते. तरी ज्याच्यामुळे बाकीच्यांना ड्रमर ठेवावा लागला असा पहिला तो, एवढे नक्की.

त्याच १९३५ साली लिऑन ऍबी या काळ्या व्हायोलिनवादकाचा बँड मुंबईत ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला. मुंबईच्या हॉटेलांत वाजवणारे आपले गोंयकार वादक याच सुमारास अशा बँडांकडून स्विंग उचलत होते. म्हणजे टल्साचा फिडलवाला आणि मुंबईतले गोंयकार एकाच वेळी एकाच विहिरीवर पाणी भरत होते म्हणायचे. असो.

विहिरीची गोष्ट निघालीच आहे तर तिचा मालक कोण हेही सांगायला हवे. केन्सची मूळ इमारत ज्याची, तो टेट ब्रॅडी हा टल्साच्या संस्थापकांपैकी एक आणि कू क्लक्स क्लॅनचा सभासद. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर ग्रीनवूड ही काळ्यांची भरभराटीची वस्ती होती. ३१ मे आणि १ जून १९२१ ला गोऱ्या जमावाने ती जाळून बेचिराख केली, पस्तीसेक चौक भस्म झाले. त्यानंतर चौदा वर्षांनी डेकस त्याच शहरात स्टुलावर बसून जो ठेका धरत होता तो काळ्या वादकांकडून आलेला होता, आणि त्या वादकांना त्या बँडमध्ये जागा नव्हती. हा काही विल्सचा एकट्याचा दोष नाही. दक्षिणेतला सगळा व्यवहारच तसा विभागलेला होता. पण त्या संगीताचे कौतुक करताना हे गिळून टाकणे मला जमत नाही.

डेकस करत काय होता? वरवर पाहिले तर फार थोडे. चार मात्रांतल्या पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर पायाने मोठा ढोल, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर हाताने स्नेअर. धम्-चक, धम्-चक. आपल्याकडे खाप्रुमामा पर्वतकरांच्या लयकारीच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला हे बालवर्गातले वाटेल. खाप्रुमामांच्या समोर मात्र जाणकार बसलेले असत, कान लावून, बोटांवर मात्रा मोजत. डेकससमोर दिवसभर तेलविहिरीवर राबून आलेला माणूस बायकोला घेऊन नाचायला आलेला असे. त्याला तिहाई नको होती. डावा पाय कधी टाकायचा हे विचार न करता कळावे, एवढेच हवे होते. म्हणून नाचाच्या ड्रमरची परीक्षा उलटी असते. आज ड्रम काय छान वाजले, असे नाचणाऱ्याच्या तोंडी आले तर समजावे की काहीतरी जास्त झाले.

आणि हे सोपेही नाही. लय किंचित चढली की म्हातारी जोडपी धापा टाकत बाकांवर जातात. उतरली की तरुण पोरे बारकडे वळतात. वेगवान गाण्यामागून सावकाश वॉल्ट्झ यायला हवा, म्हणजे दम घेता येतो आणि जोडीदारही बदलता येतो. गाणे संपताना गायक भावनेत रेंगाळतो, त्याला रेंगाळू द्यायचे पण खालच्या पावलांना कळू द्यायचे नाही. त्यात विल्सच्या बँडमध्ये काहीच ठरलेले नसे. तो फिडलची कमान एखाद्याकडे रोखी आणि त्या वादकाने तत्क्षणी एकट्याने वाजवायला लागायचे. पियानोनंतर ट्रम्पेट येणार की स्टील गिटार, हे ड्रमरला कमानीच्या टोकाकडे बघूनच कळायचे. डोळे कमानीवर, पाय पेडलवर, कान फरशीवर.

दिवस कसा जाई तेही पाहण्यासारखे आहे. दुपारी साडेबाराला रेडिओ. तो आटोपला की बसमध्ये सामान चढवायचे आणि शेदीडशे मैलांवरच्या कुठल्यातरी गावी जायचे. रात्री चार तास नाच. मग पुन्हा बस, पहाटे टल्सा, थोडी झोप, दुपारी रेडिओ. आठवड्यातले बहुतेक दिवस हेच. फिडलवाला पेटी काखेत मारून पाच मिनिटांत मोकळा. ड्रमरचा संसार उतरवायला आणि चढवायला सगळ्यात जास्त वेळ. त्यामुळे तो सर्वांत आधी आत येतो आणि सर्वांच्या शेवटी बाहेर पडतो, हे जगात सगळीकडे सारखेच.

चामड्याचे दुखणेही होतेच. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात प्लॅस्टिकची ड्रमपाने आली, तोवर वासराचे कातडे वापरीत. हवा दमट झाली की ते सैल पडे आणि ढोल भद्द वाजे. कोरड्या उन्हात ताणून फाटायची भीती. मोठ्या ढोलाच्या पोटात विजेचा दिवा लावून ठेवायची ड्रमरांची युक्ती होती, उबेने कातडे ताठ राही. पावसाळ्याच्या शेवटी, भर चवथीत घुमट शेकून घेणाऱ्या आपल्या माणसांना हा दिवा समजावून सांगायला नको.

१९३५ च्या सप्टेंबरात डॅलसला बँडचे पहिले मोठे ध्वनिमुद्रण झाले. कंपनीचा माणूस होता आर्ट सॅथर्ली, जन्माने इंग्रज, आणि खेडवळ संगीत शुद्ध स्वरूपात हवे असा त्याचा हट्ट. समोर सॅक्सोफोन, पियानो आणि ड्रम बघून तो हादरला. वादनाच्या मध्येच विल्स ज्या आरोळ्या ठोकी त्याही त्याला खपेनात. विल्सने सांगितले, मग आम्ही सामान बांधतो. सॅथर्लीने माघार घेतली. शहरात बसून खेड्याची शुद्धता राखणारे असे लोक आपल्याकडेही आहेत. खेड्यातल्या माणसाला मात्र जे आवडते ते तो उचलतो आणि आपले म्हणतो.

सगळी नाचघरे केन्ससारखी सोज्ज्वळ नव्हती. १९३३ च्या डिसेंबरात दारूबंदी उठली आणि टेक्सासच्या तेलाच्या पट्ट्यात रस्त्याकडेला 'हाँकी-टाँक' उगवली. आपल्या तावेर्नात एका कोपऱ्यात ज्यूकबॉक्स ठेवावा आणि टेबले सारून नाचायला चार हात जागा करावी, तसा प्रकार. इथे ड्रमरचे काम बदलले. गोंगाटावर मात करायला हातात ब्रशऐवजी काठ्या आल्या. मारामारी सुरू झाली की बँडने थांबायचे नाही, उलट वाजवत राहायचे, हा अलिखित नियम. काही ठिकाणी तर बाटल्यांपासून वाचायला रंगमंचापुढे कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी लावलेली असे.

मग युद्ध आले. विल्सचा बँड फुटला, अनेक जण सैन्यात गेले. तोही थोडे महिने जाऊन आला. १९४३ मध्ये तो कॅलिफोर्नियात गेला, कारण त्याचे लोकच तिकडे गेले होते. दुष्काळाने उठलेली ओक्लाहोमा-टेक्सासची कुटुंबे विमानांच्या आणि जहाजांच्या कारखान्यांत लागली होती. कारखाने तीन पाळ्यांत चालत, म्हणून दुसऱ्या पाळीच्या लोकांसाठी मध्यरात्रीनंतर नाच सुरू होत. घर सुटलेल्या माणसाला ओळखीच्या ठेक्यावर पाय टाकता येणे ही काय चीज असते, हे मुंबईच्या कुडांत राहिलेल्या गोंयकाराला विचारावे. १९४४ मध्ये सरकारने खाणेपिणे आणि नाच दोन्ही असणाऱ्या जागांवर आधी ३० आणि मग २० टक्के कर बसवला. मोठे बँड त्या ओझ्याखाली वाकू लागले, वादकांची संख्या घटली. पण कितीही छाटले तरी ड्रमरला काढता येईना. विल्सकडे तेव्हा जॉनी कुव्हिएलो हा ड्रमर होता. १९४७ मध्ये त्याला पुढे ठेवून 'टेक्सास ड्रमर बॉय' या नावाची तबकडीही निघाली. पुढे विल्सचा धाकटा भाऊ बिली जॅक ड्रमवर बसला. 'फेडेड लव्ह' या बँडच्या सर्वांत प्रसिद्ध गाण्यांपैकी एकाचे शब्द या ड्रमर भावाचे आहेत.

नॅशव्हिलचा पडदा मात्र हलायला तयार नव्हता. तिथल्या वादकांनी मग पळवाटा काढल्या. जॉनी कॅशच्या सुरुवातीच्या बँडमध्ये ड्रमर नव्हता, तर तो गिटारच्या तारांखाली कागद अडकवून स्नेअरसारखा खरखरीत आवाज काढी. लुइझियानातल्या श्रीव्हपोर्टला 'लुइझियाना हेराइड' हा १९४८ मध्ये सुरू झालेला असाच रेडिओ कार्यक्रम होता, तिथल्या पगारी ड्रमरचे नाव डी. जे. फोंटाना. त्यालाही पडद्यामागे बसून वाजवावे लागे. उरलेल्या रात्री तो कपडे उतरवणाऱ्या नर्तकींच्या क्लबांत वाजवायचा. नर्तकीने पाय झटकला की तिथे आघात द्यायचा, ही त्या क्लबांची तालीम. १९५४ च्या ऑक्टोबरात एल्विस प्रिस्ली नावाचा पोरगा हेराइडला आला. त्याचे पाय गाताना काही केल्या स्थिर राहत नसत. फोंटानाने त्याच्या पायांकडे बघून वाजवायला सुरुवात केली, आणि पुढे चौदाएक वर्षे तो त्याच्याबरोबर राहिला. सभ्य रंगमंचाला जे नको होते तेच त्याने बदनाम जागेत शिकून घेतले होते आणि तेच जगाने डोक्यावर घेतले.

ऑप्रीतही हळूहळू फट पडली. बडी हार्मन हा नॅशव्हिलचाच ड्रमर आधी फक्त स्नेअर आणि ब्रश घेऊन कडेला उभा राही. तो पुढे ऑप्रीचा पहिला कायमचा ड्रमर झाला आणि हजारो ध्वनिमुद्रणांत वाजला. १९५६ मध्ये रे प्राइसचे 'क्रेझी आर्म्स' आले आणि २० आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. त्यातली चाल खास नाचघरांची, म्हणजे 'शफल'. चारही मात्रांवर बास चालतो आणि प्रत्येक मात्रा लांब-आखूड अशी दुभंगते, त्यामुळे दादऱ्यासारखा झोका येतो. बसलेल्या माणसाचीही टाच हलायला लागते. सबंध ड्रमसेट ऑप्रीवर निर्धास्तपणे मांडला गेला तो १९७४ मध्ये कार्यक्रम रायमनमधून नव्या इमारतीत गेल्यावरच.

नाचघरांच्या त्या जगाचा अखेरचा नमुना म्हणून पॉल इंग्लिशचे नाव घ्यावे लागेल. विली नेल्सनचा ड्रमर. लहानपणी साल्व्हेशन आर्मीच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवलेला, तरुणपणी फोर्टवर्थच्या गुन्हेगारी जगात वावरलेला, आणि १९५५ च्या सुमारास ड्रमर मिळेना म्हणून एका रेडिओ कार्यक्रमात आयत्या वेळी बसवलेला. १९६६ पासून तो नेल्सनबरोबर कायमचा राहिला. अंगावर काळी कफनी, बुटात पिस्तूल. कारण टेक्सासच्या बारमालकांकडून ठरलेले पैसे वसूल करणे हेही त्याचेच काम! नेल्सनने दोघांच्या भटकंतीवर 'मी अँड पॉल' हे गाणे लिहिले. २०२० च्या फेब्रुवारीत तो वारला.

आणि डेकस? युद्धाच्या सुमारास तो बँडमधून बाहेर पडला आणि पोटापाण्याच्या दुसऱ्या उद्योगांना लागला. १९७३ च्या ३ आणि ४ डिसेंबरला डॅलसमध्ये जुन्या मंडळींना पुन्हा जमवून शेवटचे ध्वनिमुद्रण करायचे ठरले, तेव्हा ड्रमच्या स्टुलावर पुन्हा डेकसच होता. विल्स १९६९ च्या झटक्याने पंगू झालेला, चाकांच्या खुर्चीत. पहिल्या दिवशी त्याने मधूनच क्षीण आवाजात त्या जुन्या आरोळ्या दिल्या. त्या रात्रीनंतर त्याला दुसरा मोठा झटका आला आणि दुसऱ्या दिवसाचे काम त्याच्यावाचून झाले. तो पुन्हा शुद्धीवर असा आलाच नाही. १३ मे १९७५ ला वारला.

या मुद्रणातले वादक त्यानंतर घरी परतले नाहीत. स्टील गिटारवाला लिऑन मॅकॉलिफ पुढे झाला, पियानोवर अल स्ट्रिकलिन, ड्रमवर डेकस, आणि साठी ओलांडलेली ही मंडळी पुन्हा गावोगाव नाचांना वाजवू लागली. १९७७ मध्ये कंट्री म्युझिक असोसिएशनने त्यांना वर्षातला सर्वोत्तम वाद्यवृंद म्हणून गौरवले. त्यांनी आपसात एक ठरवून टाकले होते, की यापुढे आपल्यातला एक जरी गेला तरी बँड बंद करायचा. १९८६ च्या ऑक्टोबरात स्ट्रिकलिन गेला. ठरल्याप्रमाणे त्यांनी बँड बंद केला.